एकाच रकान्याची दीडशे वर्षं: वॉशिंग्टनच्या डनबार हायस्कूलचं प्रकरण

अमेरिकेतल्या कुठल्याही सरकारी हायस्कूलचा वार्षिक अहवाल उघडला की दोन तक्ते शेजारी शेजारी दिसतात. एकात वाचन आणि गणिताचे निकाल. दुसऱ्यात मुलं कोण आहेत याचा हिशेब: गोरी किती, कृष्णवर्णीय किती, लॅटिनो किती, गरीब घरांतली किती. आपल्याकडे यू-डायसची माहिती भरताना मुख्याध्यापक प्रवर्गवार पट भरतात, तसंच हे. दोन तक्ते असे लागून असले की वाचणारा दुसऱ्या तक्त्यात पहिल्याचं कारण शोधू लागतो. राजधानी वॉशिंग्टनमधल्या डनबार हायस्कूलपुढे मात्र ही सवय कामाला येत नाही. तिथे पहिला तक्ता पुरता उलटला आणि दुसऱ्यातला मुख्य रकाना जवळपास हललाच नाही.

१८९९ साली वॉशिंग्टनमधल्या चार सरकारी हायस्कुलांत एकच परीक्षा घेतली गेली. तीन शाळा गोऱ्या मुलांच्या होत्या, चौथी हीच, कृष्णवर्णीय मुलांची. चौथीने तीनपैकी दोघींना मागे टाकलं. पुढची पन्नास वर्षं या शाळेतून न्यायाधीश, शास्त्रज्ञ, सेनाधिकारी बाहेर पडत राहिले. आणि त्या परीक्षेनंतर शंभरेक वर्षांनी हीच शाळा शहरातल्या कमी निकालाच्या शाळांत मोजली जात होती. मुलं तेव्हाही कृष्णवर्णीय, आताही बहुतेक कृष्णवर्णीयच. तेव्हा वंश या एका रकान्यातून निकालाचं उत्तर निघत असेल, तर या शाळेने एकाच प्रश्नाची दोन विरुद्ध उत्तरं दिली आहेत असं म्हणावं लागेल.

तळघरातली शाळा

१८७० साली पंधराव्या रस्त्यावरच्या प्रेसबिटेरियन चर्चच्या तळघरात चार विद्यार्थी आणि एक शिक्षिका एवढ्यावर ही शाळा सुरू झाली. नाव होतं ‘प्रिपरेटरी हायस्कूल फॉर कलर्ड यूथ’. कृष्णवर्णीयांसाठीचं अमेरिकेतलं हे पहिलं सरकारी हायस्कूल. यादवी युद्ध संपून पाचच वर्षं झाली होती. राजधानीत गुलामगिरी १८६२ च्या एप्रिलमध्ये कायद्याने संपली होती, म्हणजे या पहिल्या मुलांपैकी अनेकांचं लहानपणच गुलामगिरीच्या सावटात गेलेलं. १८९१ मध्ये एम स्ट्रीटवर इमारत मिळाली आणि शाळेला लोक ‘एम स्ट्रीट हायस्कूल’ म्हणू लागले. १९१६ मध्ये आणखी मोठी इमारत झाली, तेव्हा कवी पॉल लॉरेन्स डनबार यांचं नाव देण्यात आलं. ते नाव आजही आहे.

सुरुवातीचे मुख्याध्यापक पाहिले तरी शाळेचा बेत कळतो. मेरी जेन पॅटरसन या १८६२ मध्ये ओबर्लिन कॉलेजातून बी. ए. झालेल्या, अमेरिकेत ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला म्हणून त्यांची नोंद आहे. मधलं एक वर्ष रिचर्ड ग्रीनर मुख्याध्यापक होते, हार्वर्ड कॉलेजचे पहिले कृष्णवर्णीय पदवीधर. पटावर मूठभर मुलं आणि मुख्याध्यापकाच्या खुर्चीत हार्वर्डचा माणूस, अशी ही विजोड जुळणी होती.

मुलं कुठल्या घरांतली होती? अर्थतज्ज्ञ थॉमस सोवेल यांनी १९७४ मध्ये या शाळेवर लिहिताना जुनी दप्तरं धुंडाळली. १८९२-९३ च्या वर्षी ज्या पालकांचा व्यवसाय नोंदलेला सापडला, त्यांत ५१ मजूर होते आणि डॉक्टर एक. बाकीच्यांत निरोप पोचवणारे, इमारतींची झाडलोट-देखभाल करणारे असे. म्हणजे ‘डनबार ही उच्चभ्रू कृष्णवर्णीयांची शाळा, तिचं काय कौतुक’ असं जे पुढे बोललं गेलं, त्याला निदान या वर्षाच्या नोंदवहीत आधार नाही.

सोवेल यांचा हा आकडा फार ठिकाणी फिरतो आणि बहुतेक वेळा एकटाच फिरतो. त्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवावा लागतो. १८९० च्या सुमारास अमेरिकेत चौदा ते सतरा वयाच्या शंभर मुलांपैकी सहा-सातच हायस्कुलात असत. गोऱ्यांसकट. त्या काळात पोराला पंधराव्या वर्षी कामाला न लावता लॅटिन शिकायला पाठवणारा मजूर हा सगळ्या मजुरांचा प्रतिनिधी कसा धरायचा? उत्पन्नाच्या रकान्यात तो इतर मजुरांसारखाच दिसतो. त्याने घरात काय ठरवलं होतं, ते नोंदवायला रकाना नाही.

वर्गात कोण उभं होतं

डनबारच्या गोष्टीतला सगळ्यात भक्कम भाग मला शिक्षकांचा वाटतो, आणि सगळ्यात अवघडही तोच.

विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात हार्वर्ड, शिकागो किंवा ओबर्लिनची पदवी घेतलेल्या कृष्णवर्णीय माणसाने नोकरी कुठे करायची? गोऱ्यांच्या विद्यापीठांत प्राध्यापकी मिळत नव्हती. प्रयोगशाळा, कंपन्या, मोठी इस्पितळं बंद होती. वॉशिंग्टनच्या सरकारी शाळांत मात्र गोऱ्या आणि कृष्णवर्णीय शिक्षकांना एकाच श्रेणीचा पगार होता, दक्षिणेत इतरत्र तसं नव्हतं. शेजारी कृष्णवर्णीयांचं हॉवर्ड विद्यापीठ होतं, ग्रंथालयं होती, शिकल्यासवरल्या लोकांचा समाज होता. त्यामुळे विद्यापीठात शोभतील अशी माणसं इथे नववी-दहावीच्या मुलांच्या वह्या तपासत बसलेली असत.

कार्टर वुडसन यांनी १९१२ मध्ये हार्वर्डमधून इतिहासात डॉक्टरेट घेतली, आणि ती घेण्याआधी व नंतर ते याच शाळेत शिकवत होते. १९२१ च्या उन्हाळ्यात तीन कृष्णवर्णीय महिलांना पीएच. डी. मिळाली, देशातल्या पहिल्या तिघी: जॉर्जियाना सिम्पसन, ईव्हा डाइक्स आणि सेडी मोसेल. त्यांतल्या सिम्पसन आणि डाइक्स डनबारमध्ये शिकवत असत, तर डाइक्स आणि मोसेल इथेच शिकलेल्या. मोसेल मूळची फिलाडेल्फियाची. वॉशिंग्टनला नातेवाइकांकडे राहून तिने हायस्कूल केलं. शाळेसाठी पोरीला दुसऱ्या गावी पाहुण्यांकडे ठेवणं ही गोष्ट आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको. या शाळेपायी कुटुंबंच्या कुटुंबं वॉशिंग्टनला मुक्काम हलवत असत.

हे शिक्षक शाळेला मिळाले ते अन्यायाच्या कृपेने. बाहेरची दारं बंद होती म्हणून ते आत होते. जसजशी एकेक दार किलकिलं झालं तसतसे ते बाहेर पडलेही. वुडसन गेले, डाइक्स १९२९ मध्ये हॉवर्ड विद्यापीठात गेल्या. ‘डनबारसारखी शाळा पुन्हा उभी करा’ म्हणणाऱ्याने आधी एवढं सांगावं की हे शिक्षक तो कशाच्या बळावर शाळेत थांबवणार आहे.

ॲना कूपर यांचं प्रकरण

अपेक्षा मोठ्या ठेवणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहायचं तर १९०२ ते १९०६ ही चार वर्षं जवळून पाहावीत.

ॲना ज्युलिया कूपर १८५८ मध्ये उत्तर कॅरोलायनातल्या रॅली इथे गुलाम आईच्या पोटी जन्मल्या. ओबर्लिनमधून पदवी घेऊन १८८७ पासून त्या वॉशिंग्टनच्या या हायस्कुलात शिकवत होत्या आणि १९०२ मध्ये मुख्याध्यापक झाल्या. त्याच वर्षी त्याच शहरात कृष्णवर्णीय मुलांसाठी आर्मस्ट्राँग ही हस्तकौशल्याची शाळा उघडली. देशभर वाद पेटलेला होता: बुकर टी. वॉशिंग्टन म्हणत की या समाजाला आधी हातात कसब द्या, डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस म्हणत की उच्च शिक्षणाशिवाय पुढारी कुठून येणार. कूपर यांनी ड्यू बॉइस यांना शाळेत व्याख्यानाला बोलावलं. शिक्षण मंडळातल्या अनेकांच्या ते डोळ्यांत खुपलं.

१९०३ मध्ये फेलिक्स क्लाइन नावाचे फ्रेंच धर्मगुरू अमेरिका पाहत फिरत असताना या शाळेत आले. मुख्याध्यापक बाई त्यांना वर्गावर सापडल्या, व्हर्जिलचं महाकाव्य मूळ लॅटिनमधून शिकवताना. क्लाइन यांनी प्रवासवर्णनात या तासाची तारीफ केली. इथे जरा थांबावं. वर्गातल्या मुलांचे आईबाप पंचेचाळीस वर्षांपूर्वी बाजारात विकले जाऊ शकत होते, शिकवणाऱ्या बाई स्वतः त्यांतल्याच, आणि पॅरिसहून आलेल्या पाहुण्याला इथला तास ओळखीचा वाटत होता, कारण तिकडच्या शाळांतही हेच शिकवत.

हायस्कुलांचे संचालक पर्सी ह्यूज, गोरे अधिकारी, यांना हे पसंत नव्हतं. १९०० च्या फेररचनेनंतर कृष्णवर्णीयांच्या शाळांवरची सूत्रं गोऱ्या अधिकाऱ्यांकडे अधिक सरकली होती. या मुलांना झेपेल असा सोपा अभ्यासक्रम असावा हा त्यांचा रोख. कूपर बधल्या नाहीत. त्यांची मुलं हार्वर्ड, येल, ब्राउन अशा कॉलेजांत प्रवेश मिळवत होती, तेव्हा झेपत नाही म्हणायला जागाही नव्हती. मग तक्रारी निघाल्या त्या कारभाराच्या: शिस्त ढिली आहे, कच्च्या मुलांना वर ढकललं जातं, बाईंना शाळा चालवता येत नाही. खाजगी आयुष्यावरही शिंतोडे उडाले. वर्तमानपत्रांत महिनोन्‌महिने चर्चा झाली आणि १९०६ मध्ये मंडळाने त्यांची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही.

चार वर्षं मिझुरीत शिकवून कूपर १९१० मध्ये याच शाळेत परतल्या. मुख्याध्यापक म्हणून नाही, लॅटिनच्या शिक्षिका म्हणून. निवृत्त होईपर्यंत, १९३० पर्यंत, त्या इथेच होत्या. मधल्या काळात, १९२५ मध्ये, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी त्यांनी पॅरिसच्या सॉरबॉनमधून डॉक्टरेट घेतली. ज्या शाळेतून काढलं तिथेच साध्या शिक्षिकेच्या पगारावर वीस वर्षं लॅटिन शिकवायचं, हा चिवटपणा कुठल्या तक्त्यात भरायचा?

कूपर गेल्या तरी अभ्यासक्रम राहिला, हे महत्त्वाचं. त्यांच्या जागी आलेले डब्ल्यू. टी. एस. जॅक्सन हे स्वतः मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट कॉलेजचे पदवीधर. १८९२ ते १९५४ या काळात डनबारच्या ३४ मुलांना ॲमहर्स्टमध्ये प्रवेश मिळाला; त्यांतली ७४ टक्के पदवीपर्यंत पोचली आणि पदवी मिळवणाऱ्यांपैकी २८ टक्के ‘फाय बीटा कॅपा’ या गुणवंतांच्या मंडळात निवडली गेली. हे आकडे सोवेल देतात. मुलगा ॲमहर्स्टला जायचा, कारण त्याच्या शाळेत ॲमहर्स्टला जाऊन आलेला माणूस फळ्यापाशी उभा असायचा आणि तिथे कुणाला पत्र लिहायचं हे त्याला ठाऊक असायचं. रक्तपेढीच्या कामासाठी ओळखले गेलेले चार्ल्स ड्रू, पहिले कृष्णवर्णीय संघीय न्यायाधीश विल्यम हेस्टी आणि वकील चार्ल्स ह्यूस्टन हे तिघेही डनबारहून ॲमहर्स्टला गेलेले.

परीक्षा नसलेली चाळणी

डनबारमध्ये प्रवेश परीक्षा नव्हती. सोवेल यावर भर देतात आणि ते खरंही आहे. पण चाळणी होतीच, फक्त ती शाळेच्या दारात लावलेली नव्हती. शहरातल्या कुठल्याही भागातलं कृष्णवर्णीय मूल इथे येऊ शकत होतं. ज्याला हातकामाकडे जायचं ते आर्मस्ट्राँगला जाई, ज्याला कचेरीचं काम शिकायचं ते पुढे कार्डोझोला. लॅटिन, बीजगणित आणि कॉलेजचं स्वप्न घेऊन येणारेच डनबारला येत. पैसा, आडनाव, गुण काहीही न विचारता शाळेला वेगळ्या मनाची मुलं मिळत होती. पहिल्या वर्षात जी टिकत नसत ती गळतही.

दुसरी तक्रार रंगाची. वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय समाजात उजळ वर्णाच्या, जुन्या, सुस्थितीतल्या घराण्यांचा एक थर होता आणि डनबारमध्ये त्यांचाच मान, सावळ्या मुलाकडे शिक्षक दुर्लक्ष करत, असं सांगणारे माजी विद्यार्थी होते. सोवेल हा आरोप खोडतात, जुन्या वार्षिकांकांतल्या फोटोंमध्ये सगळ्या छटांचे चेहरे आहेत असं दाखवून. मला हे उत्तर अपुरं वाटतं. पटावर कोण आहे हे फोटोत कळतं. वर्गात कुणाला प्रश्न विचारले गेले आणि शिफारसपत्र कुणाला मिळालं, हे नाही कळत. मजुरांची मुलं होती हे खरं आणि शाळेत वरचा-खालचा भेद होता हेही खरं असू शकतं. आपल्याकडच्या नावाजलेल्या शाळांत शिकलेल्या कुणालाही यात आश्चर्य वाटणार नाही.

१९५४

१७ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णभेदी विभागणी घटनाबाह्य ठरवली. राज्यांसाठी ‘ब्राउन’ खटल्यात, आणि राजधानी हे राज्य नसल्याने वॉशिंग्टनसाठी त्याच दिवशी वेगळा निकाल दिला गेला, ‘बोलिंग विरुद्ध शार्प’. या निकालांकडे नेणाऱ्या कायदेशीर लढाईची आखणी ज्यांनी केली ते चार्ल्स ह्यूस्टन डनबारचेच विद्यार्थी. निकाल पाहायला ते राहिले नाहीत, १९५० मध्ये गेले. त्यांनी जिंकून दिलेल्या न्यायानेच त्यांच्या शाळेची जुनी घडी मोडली.

ती कशी मोडली? सप्टेंबर १९५४ पासून शहराने वस्तीनिहाय हद्दी आखल्या. ज्या हद्दीत राहता त्या हायस्कुलात जा. डनबार ज्या भागात होतं तो गरीब होता. कालपर्यंत शहराच्या चारी कोपऱ्यांतून मुलं येत होती, आता आजूबाजूच्या गल्ल्यांतली येणार होती. लांब राहणाऱ्या हौशी घरांतल्या मुलांना आपापल्या हद्दीतली, पूर्वी गोऱ्यांची असलेली हायस्कुलं मिळाली. १९५५ मध्ये बाहेर पडलेली तुकडी ही जुन्या रचनेतली शेवटची. वॉशिंग्टनच्या प्रतिनिधी म्हणून १९९१ पासून अनेक वर्षं संसदेत बसलेल्या एलेनॉर होम्स नॉर्टन त्या तुकडीतल्या.

नवी मुलं कच्ची होती असा याचा अर्थ लावू नये. त्यांच्यात हुशार मुलं होतीच. बदललं ते असं, की पूर्वी प्रत्येक मुलाने ही शाळा मागितलेली होती. आता बऱ्याच मुलांना ती पत्त्यावरून मिळाली. अभ्यासक्रम तोच ठेवून दोन्ही तुकड्यांना एकसारखं शिकवणं जमेना, आणि जुने शिक्षक एकेक करून निवृत्त होत गेले. त्यांच्या जागी ज्या डॉक्टरेट आल्या असत्या, त्या आता विद्यापीठांत जाऊ लागल्या होत्या. शेजारी शहरच पालटत होतं. गोरी कुटुंबं मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या उपनगरांत निघाली. १९६० च्या जनगणनेत वॉशिंग्टन हे बहुसंख्य कृष्णवर्णीयांचं पहिलं मोठं अमेरिकी शहर ठरलं आणि १९६७ पर्यंत सरकारी शाळांतली नव्वद टक्क्यांहून अधिक मुलं कृष्णवर्णीय होती. एकत्र शिक्षणाचा कायदा आला आणि एकत्र बसायला गोरी मुलंच उरली नाहीत.

अधीक्षक कार्ल हॅन्सन यांनी यावर उपाय म्हणून मुलांना चाचणीवरून चार वाटांवर विभागलं: वरची ऑनर्सची, सगळ्यात खालची ‘बेसिक’. १९६७ मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी ‘हॉबसन विरुद्ध हॅन्सन’ या खटल्यात ही पद्धत रद्द केली. चाचण्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेल्या होत्या, आणि कुठल्या वाटेवर कोण पडतं हे घरच्या उत्पन्नाशी जुळत होतं. एकदा खाली पडलेलं मूल क्वचितच वर येई.

इमारती बदलल्या

पुढच्या दशकांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांत नवं फारसं नाही. १९१६ ची जुनी इमारत पाडू नये म्हणून माजी विद्यार्थ्यांनी धडपड केली, ती फळली नाही. १९७७ मध्ये काँक्रीटचा उंच ठोकळा उभा राहिला, आत त्या काळच्या फॅशनप्रमाणे भिंती नसलेले ‘मुक्त’ वर्ग. शेजारच्या वर्गातला गोंगाट कानावर घेत गणित शिकायचं, ही कल्पना ज्याने काढली त्याने तिथे एक तास तरी शिकवून पाहायला हवं होतं. २००८ मध्ये तेव्हाच्या शिक्षणप्रमुख मिशेल री यांनी शाळेचा कारभार बाहेरच्या एका संस्थेकडे सोपवला. डिसेंबर २०१० मध्ये, वर्षाच्या मधोमध, तो करार संपवण्यात आला. २०१३ मध्ये पुन्हा नवी इमारत झाली, खर्च सुमारे बारा कोटी डॉलर. तिच्या फरशीत नामवंत माजी विद्यार्थ्यांच्या पाट्या बसवल्या आहेत आणि काही पाट्या पुढच्यांसाठी कोऱ्या ठेवल्या आहेत. कल्पना छान आहे. पण वास्तू बदलल्याने निकाल बदलत असते तर हा प्रश्न १९७७ मध्येच मिटला असता.

आजची चाळणी

खरी गंमत आता येते. याच शहरात १९८१ मध्ये बेंजामिन बॅनेकर अकॅडेमिक हायस्कूल हे लहानसं सरकारी हायस्कूल सुरू झालं. पटावर प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुलं, आणि निकाल शहरातल्या सगळ्यात चांगल्या शाळांत बसणारा. तिथे जायला अर्ज करावा लागतो. आधीचे गुण, शिफारसी पाहिल्या जातात. डनबारचं जुनं काम आज बॅनेकर करतं, आणि डनबारला न मिळणारी मुलं घेऊनच करतं.

वंशाच्या रकान्यावर विसंबून ही दोन हायस्कुलं ताडून पाहिली तर काहीच हाती लागत नाही, कारण त्या रकान्यात दोन्हीकडे प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुलंच. त्यात भर चार्टर शाळांची, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र संस्थांनी चालवलेल्या शाळांची. १९९५ च्या कायद्याने त्या आल्या आणि आता शहरातल्या सरकारी खर्चाने शिकणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी त्यांच्यात आहेत. पालकाला सोडतीचा अर्ज भरता येतो, तारखा पाळता येतात, मुलाला बसने शहराच्या दुसऱ्या टोकाला पाठवता येतं, ते मूल हद्दीतल्या हायस्कुलात येत नाही. उरतं ते ज्याच्यासाठी हे कुणी केलं नाही, किंवा वर्षाच्या मध्यात दुसरीकडून परत पाठवलेलं. हद्दीतल्या शाळेला ‘जागा नाही’ म्हणता येत नाही.

यावरून आपल्याकडची एक ओळखीची युक्ती आठवते. नववीतल्या कच्च्या मुलांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावायचा, ती बाहेरून बसली की दहावीचा निकाल शंभर टक्के, आणि चौकात फ्लेक्स. फ्लेक्सवरच्या आकड्यात खोटं काहीच नसतं. तो कुणाचा निकाल आहे एवढंच लिहिलेलं नसतं.

वॉशिंग्टन शहराने एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. २०१३ च्या निधीविषयक कायद्यात ‘ॲट रिस्क’ असा वेगळा गट ठरवला: बेघर मुलं, सरकारने सांभाळासाठी दुसऱ्या कुटुंबाकडे सोपवलेली, ज्यांच्या घरी सरकारी अन्न किंवा रोख मदत लागते अशी, आणि हायस्कुलात वयाने वर्षभर किंवा त्याहून मागे पडलेली. अशा प्रत्येक मुलामागे शाळेला जादा पैसे ठरवले. वंशाच्या रकान्यापेक्षा हा रकाना कितीतरी कामाचा. डनबारमध्ये अशा मुलांचा वाटा मोठा आहे, बॅनेकरमध्ये तेवढा नाही, आणि दोन्हीकडच्या निकालांतल्या तफावतीशी हे बरंच जुळतं. ‘बरंच’ म्हणतो, कारण या रकान्याच्या दोन बाजूंना पुन्हा तेच प्रश्न उभे राहतात: ही शाळा कुणी मागितली, आणि वर्गात कोण उभं आहे.

सोवेल यांच्या मांडणीबद्दल माझं मत तिथेच अडतं. गरिबी आणि वंश म्हणजे निकाल नव्हे, हे त्यांनी कागदपत्रांनिशी दाखवलं, आणि ज्यांनी पुढे डनबारला उच्चभ्रूंचा अपवाद म्हणून बाजूला सारलं त्यांना १८९२-९३ च्या त्या ५१ मजुरांचं उत्तर देता आलेलं नाही. पण सोवेल यांना हा पुरावा ‘अपेक्षा वाढवा, शिस्त लावा, पैसा ही मूळ अडचण नाही’ इथवर न्यायचा आहे, आणि तिथवर तो पोचत नाही. डनबारपाशी शहरभरातून निवडून आलेली इच्छा होती आणि दुसरीकडे जागा न मिळालेले विद्वान होते. यांतलं एकही आजच्या मुख्याध्यापकाच्या हातात नाही. कूपर यांच्याकडून घेण्यासारखी एक गोष्ट मात्र उरते, सोपा अभ्यासक्रम नाकारणं. आणि तिच्यापायी नोकरी जाऊ शकते, हेही त्यांच्याच उदाहरणातून कळतं.

आजच्या डनबारचा निकाल वाचायचा असेल तर माझ्या मते आधी एक वेगळा आकडा पाहावा: डनबारच्या हद्दीत राहणाऱ्या हायस्कूलवयीन मुलांपैकी किती मुलं डनबारला येतात आणि किती अर्ज करून दुसरीकडे जातात. शहराचं शिक्षण खातं हद्दनिहाय ही माहिती ठेवतं आणि प्रसिद्धही करतं. ती निकालाच्या तक्त्याला लागून छापायला काही अडचण नाही. आज तिथे वंशाचा रकाना आहे, त्याच्याच पुढे एक ओळ पुरेल.